‘मोअर बेटर’ आणि हळदीतला ओलावा: व्यापारी इंग्रजीतील तुलनेचे एक प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण वर्धा जिल्ह्याच्या समुद्रपूर तालुक्यातील एका महिला बचत गटाचे आहे. गावाचे, गटाचे आणि खरेदीदाराचे नाव मुद्दाम दिलेले नाही. तपासणी अहवालातील आकडेही ओळख पटू नये इतपत बदलले आहेत, मात्र त्यांतला कमी-जास्तपणा तोच ठेवला आहे, कारण सगळे प्रकरण त्या कमी-जास्तपणाभोवतीच फिरते.

हा पट्टा हळदीचा. येथल्या वायगाव हळदीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि कुरकुमिनचे, म्हणजे हळदीला पिवळा रंग देणाऱ्या घटकाचे, चांगले प्रमाण ही तिची ओळख आहे. या गटाने हळकुंडे उकडून, वाळवून, दळून पूड विकायला सुरुवात केली ती हिंगणघाट आणि वर्ध्याच्या बाजारासाठी. तिथला सगळा व्यवहार तोंडी चाले, मराठीत आणि नागपुरी वळणाच्या हिंदीत. गिऱ्हाइकाने चिमूटभर पूड तळहातावर घ्यावी, चोळावी, हुंगावी आणि भाव करावा, यात विशेषणांची गरज फारशी पडत नसे. पुढे नागपूरच्या एका खरेदीदार-विक्रेता मेळाव्यात दक्षिणेकडील एका मसाला कंपनीच्या खरेदी अधिकाऱ्याने नमुना नेला, थोडा माल घेतला आणि पुढील वर्षीची बोलणी ईमेलवर, इंग्रजीत करावीत असे सांगितले. येथून तळहात आणि नाक या दोन्ही सोयी संपल्या.

मी तालुक्याच्या ठिकाणी महाविद्यालयात इंग्रजी शिकवतो. गटाच्या सचिव माझ्या माजी विद्यार्थिनी असल्याने त्यांनी विचारले आणि डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात आठवड्यातून दोन संध्याकाळी ग्रामपंचायतीच्या सभागृहात वर्ग घ्यायचे ठरले. दिवसभर कापूस वेचून आलेल्या बायका सातला बसत. सुरुवातीला चौदा होत्या, शेवटी नऊ राहिल्या. गळालेल्या पाच जणींविषयी पुढे लिहिले आहे.

अडचण

मला बोलावण्याआधीच एक घोटाळा होऊन गेला होता. गटाने नव्या मालाविषयी खरेदीदाराला लिहिले होते, “धिस इयर टर्मरिक मॉइश्चर इज मोअर बेटर.” म्हणायचे होते ते असे, की यंदा ओलाव्याच्या बाबतीत माल गेल्या वर्षीपेक्षा सरस आहे. म्हणजेच ओलावा कमी आहे. खरेदीदाराने घाईत वाचले आणि त्याच्या नजरेला ‘मॉइश्चर’ व ‘मोअर’ हे दोनच शब्द पडले असावेत. त्याने उत्तरात पूड पुन्हा वाळवून द्यावी किंवा दर कमी करावा असे सुचवले. मालात ओलावा जास्त असेल तर बुरशीची भीती आणि वजनात पाण्याचे पैसे, त्यामुळे त्याचे वागणे चुकीचे म्हणता येत नाही. गैरसमज निस्तरायला दोन फोन आणि एक आठवडा गेला.

पहिल्या वर्गात मी प्रत्येकीला आपल्या हळदीविषयी एक तुलनेचे वाक्य म्हणायला सांगितले. “अवर टर्मरिक इज गुड दॅन मार्केट.” “मोअर चीप.” “व्हेरी चीपर.” एकीने “गुड फ्रॉम अदर” असे म्हटले, ते उघडच हिंदीतल्या ‘से’चे भाषांतर होते. गंमत अशी, की दहावी झालेल्या चौघींना शाळेतला डिग्री बदलण्याचा प्रश्न अजून तोंडपाठ होता. “मुंबई इज द बिगेस्ट सिटी” याचे “नो अदर सिटी इज अ‍ॅज बिग अ‍ॅज मुंबई” असे रूपांतर त्या न अडखळता करत होत्या. तेच समोरच्या वाटीतल्या पुडीविषयी बोलायचे म्हटले की वाचा बसे.

या चुका निष्काळजीपणाच्या नाहीत, त्यांना मराठीचे तर्कशास्त्र आहे. मराठीत विशेषण तुलनेसाठी बदलत नाही. ‘ही हळद पिवळी’ आणि ‘ही हळद त्या हळदीपेक्षा पिवळी’ या दोन्ही वाक्यांत ‘पिवळी’ तीच. तुलनेचा सगळा भार ‘पेक्षा’ किंवा ‘हून’ उचलतो. त्यामुळे ज्या मराठी माणसाने ‘दॅन’ म्हटले त्याच्या मते तुलना झालेली असते. वर पुन्हा ‘गुड’चे ‘बेटर’ कशाला करायचे? इंग्रजीत मात्र दोन्ही ठिकाणी खूण लागते, विशेषणावरही आणि ज्याच्याशी तुलना करायची त्याच्या आधीही. दुसरी गोष्ट शब्दक्रमाची. मराठीत ‘कशापेक्षा’ हे आधी येते आणि गुण नंतर. इंग्रजीत गुण आधी येतो आणि ‘दॅन’चा तुकडा शेवटी लोंबतो, त्यामुळे बोलणारीचा श्वास आणि धीर दोन्ही गुणापाशीच संपतात आणि शेपूट गळून पडते.

(जुन्या संस्कृत वळणाच्या शब्दांत मात्र विशेषणावर खूण होती. ज्येष्ठ, कनिष्ठ, श्रेष्ठ यांतला ‘इष्ठ’ आणि इंग्रजीतला ‘-एस्ट’ हे भाषाशास्त्राच्या दृष्टीने एकाच कुळातले आहेत. पण आज ‘सर्वांत श्रेष्ठ’ म्हणताना कोणालाही श्रेष्ठमध्ये ‘सर्वांत’ आधीच आहे हे जाणवत नाही. ‘मोअर बेटर’ला हसण्याआधी हे आठवावे.)

विचारात घेतलेले पर्याय

पहिला पर्याय सोपा होता: पत्रे मीच लिहून द्यायची. सचिवांची खरी अपेक्षा तीच होती आणि मोसम तोंडावर असल्याने ती रास्तही होती. पण उत्तराला प्रत्युत्तर येते, फोन येतो, आणि दरवेळी मी कुठून असणार. दुसरा पर्याय पाठ्यपुस्तकाचा: तक्ता, नियम, अपवाद, रिकाम्या जागा. तिसरा पर्याय होता व्याकरण बाजूला ठेवून दहा-बारा तयार वाक्ये पाठ करून घेण्याचा.

मी दुसरा निवडला, कारण तो माझ्या हातवळणीचा होता. तीन संध्याकाळी त्यात गेल्या. ‘बिग’मध्ये शेवटचे अक्षर दोनदा, ‘हेवी’तल्या ‘वाय’चा ‘आय’, लांब शब्दांना ‘मोअर’ आणि आखूड शब्दांना ‘-अर’. तक्ता पाठ झाला. चौथ्या संध्याकाळी पुन्हा तेच वाक्य विचारले आणि उत्तर आले, “मोअर चीपर.” म्हणजे नियम दोन्ही शिकल्या होत्या आणि दोन्ही एकदम लावत होत्या. त्या दिवशी मी तक्ता गुंडाळला.

प्रत्यक्ष कृती

पाचव्या संध्याकाळी सचिवांना तीन वाट्या आणायला सांगितल्या: गेल्या वर्षीच्या मालाची पूड, यंदाची पूड आणि बाजारातून आणलेली सुटी पूड. सोबत दोन्ही वर्षांचे तपासणी अहवाल. नियम एकच होता. आधी मराठीत, म्हणजे घरच्या बोलीत, वाट्यांची तुलना करायची आणि मग तेच इंग्रजीत न्यायचे.

मराठीत तर झुंबड उडाली. “आपली हयद तेच्याहून पिवयी हाय,” असे एकीने म्हणताच दुसरीने तिला वाटी उजेडात धरायला लावली. तेव्हा लक्षात आले की अडचण ‘-अर’ आणि ‘-एस्ट’च्या आधी सुरू होते. मूळ विशेषणच चुकत होते. ‘बारीक’ हा आपला एक शब्द इंग्रजीत किमान तीन ठिकाणी फुटतो: माणूस बारीक, दाणा बारीक, दळण बारीक. यंदाची पूड जास्त बारीक चाळणीतून काढलेली होती, म्हणून एक ताई म्हणाल्या, “धिस पावडर इज थिनर दॅन दॅट.” रंगात घालायचे थिनर गावात सगळ्यांनाच माहीत असल्याने सभागृह हसले, पण मला त्या हसण्यातच पुढचे दोन तास मिळाले. दळणाला ‘फाइन’ आणि ‘फाइनर’, भरड पुडीला ‘कोर्स’ आणि ‘कोर्सर’, हे शब्द त्या दिवशी पक्के झाले.

‘भारी’ आणि ‘हलका’ यांनी याहून मोठा घोळ घातला. आपल्याकडे भारी माल म्हणजे उंची माल आणि हलका माल म्हणजे कमी प्रतीचा. “अवर टर्मरिक इज हेविअर” हे वाक्य व्याकरणाने निर्दोष आहे, मात्र खरेदीदाराला त्यातून फक्त वजन कळेल. तसेच ‘स्वस्त’चे. मराठीत स्वस्त म्हणण्यात कमीपणा नाही, उलट ‘स्वस्त आणि मस्त’ ही स्तुती आहे. इंग्रजीत ‘चीप’ शब्दाला हलक्या मालाचा वास येतो. शिवाय वस्तू ‘चीपर’ असते, दर ‘लोअर’ असतो. आम्ही ‘चीप’ शब्द गटाच्या पत्रव्यवहारातून काढून टाकला आणि ‘अवर प्राइस इज लोअर’ ठेवले. ज्या पाच जणी दहावीपर्यंत पोहोचल्या नव्हत्या त्या या भागात सगळ्यांत पुढे होत्या, कारण दळण बोटांत ओळखण्यात त्यांचा हात धरणारे कोणी नव्हते.

किती जास्त, किती कमी हे सांगायला ‘व्हेरी’ चालत नाही, तिथे ‘मच’ किंवा ‘स्लाइटली’ लागते, हे बोलीतून सहज बसले: ‘भल्ली’ म्हटले की ‘मच’, ‘जराशी’ म्हटले की ‘स्लाइटली’. स्पेलिंगचे नियम मी अर्ध्या तासात आटोपले. मोबाइल ते दुरुस्त करून देतो.

ओलाव्याचे वाक्य मात्र हटून बसले होते. मी सुचवले, “धिस लॉट इज ड्रायर दॅन लास्ट इयर्स लॉट.” वाक्य अगदी नेटके. पण गटाकडे अनुदानातून मिळालेला सोलर ड्रायर आहे आणि त्यामुळे एका मावशींनी शांतपणे विचारले, “सर, ड्रायर तं आपल्यापाशी हायच. तो कायले लिवायचा?” ऐकताना दोन्ही शब्द सारखेच. वाक्य बदलणे भाग होते.

यावर तोडगा माझा नव्हे, सचिवांचा. अहवालाच्या शेवटी तुलनेसाठी वापरलेले ‘कम्पेअर्ड विथ’ त्यांनी पाहिले आणि विचारले की हे वाक्याच्या सुरुवातीला चालते का. चालते. मग वाक्य असे झाले: “कम्पेअर्ड विथ लास्ट इयर्स लॉट, धिस लॉट इज लोअर इन मॉइश्चर.” ‘गेल्या वर्षीच्या मालापेक्षा’ हे आधी आणि गुण नंतर, म्हणजे मराठीचाच क्रम. शेपूट गळण्याचा प्रश्नच उरला नाही. पुढच्या आठवडाभरात नवापैकी सात जणी हे वाक्य वेगवेगळ्या गुणांसाठी न चुकता वापरू लागल्या. माझ्या वीस वर्षांच्या शिकवण्यात हे वाक्य मी नेहमी ‘पुढच्या पातळीचे’ म्हणून मागे ठेवत आलो होतो.

‘सर्वांत’चा प्रश्न

पाकिटासाठी इंग्रजी मजकूर करायचा होता. पहिल्या मसुद्यात “हायेस्ट कुरकुमिन इन इंडिया” असे होते. व्याकरणाची चूक एवढीच की आधी ‘द’ नव्हता. मराठीत उपपद नसल्याने ते सुटतेच. मी ‘द’ घालून घेतला आणि समाधानाने पुढे जाणार होतो, तेवढ्यात एका सदस्येच्या बारावीतल्या मुलीने मोबाइलवर पाहून सांगितले की मेघालयच्या लाकाडोंग हळदीत कुरकुमिन सात टक्क्यांच्या वर असल्याचे सांगतात. गटाच्या अहवालात आकडा पाचच्या थोडा वर होता. वाक्य शुद्ध होते आणि खोटे होते.

हा या प्रकरणातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा टप्पा. अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०१८ च्या जाहिरात व दावे विनियमांनुसार खाद्यपदार्थाविषयीचा दावा खरा आणि दिशाभूल न करणारा असावा लागतो, आणि ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला दंड आहे. ‘एक नंबर’ हे बाजारात ओरडून सांगणे वेगळे आणि पाकिटावर छापणे वेगळे, हे गटाला पटायला वेळ लागला नाही. पटायला वेळ लागला तो मला. मी ‘वन ऑफ द हायेस्ट’ अशी पळवाट सुचवली. सचिवांनी विचारले, “सर, कोनाकोनात?” ज्या ‘सर्वांत’मध्ये ‘सर्व’ कोण हे सांगता येत नाही ते विशेषण वापरायचे नाही, असे मग ठरले. शेवटी पाकिटावर कुरकुमिनचा केवळ तपासलेला आकडा आला. सुपरलेटिव्ह एकाच ठिकाणी उरले, गटाच्या स्वतःच्या तीन प्रतींच्या यादीत: “द फाइनेस्ट ऑफ अवर थ्री ग्रेड्स.” येथे ‘सर्व’ म्हणजे तीन, आणि तिन्ही आपल्याच कोठीत.

पत्र

फेब्रुवारीच्या शेवटी खरेदीदाराला नवे पत्र लिहायचे होते. दोन्ही अहवाल शेजारी ठेवले. ओलावा ९.८ वरून ८.६ टक्क्यांवर आला होता. दळण अधिक बारीक होते. मात्र कुरकुमिन ५.४ वरून ५.१ वर उतरले होते. आजवर ‘यंदाचा माल चांगला’ एवढेच सगळे म्हणत होते आणि तुलनेची वाक्ये गुणवार लिहायला घेतल्यावरच हा तिसरा आकडा कोणाच्या तरी नजरेला पडला.

अध्यक्ष ताई म्हणाल्या, “कमी हाय हे आपुनच काहून सांगाचं?” त्यावर मावशींनी उत्तर दिले, “थो तपासीनच ना. मंग?” अर्धा तास वाद झाला. मी मत दिले नाही. ते माझे काम नाही असे तेव्हा वाटले. शेवटी पत्रात असे गेले: “कम्पेअर्ड विथ लास्ट इयर्स लॉट, धिस लॉट इज लोअर इन मॉइश्चर अँड फाइनर इन ग्राइंड. इट इज स्लाइटली लोअर इन कुरकुमिन.” सोबत अहवाल जोडला.

काय झाले

या वेळी गैरसमज झाला नाही. खरेदीदाराने दुसऱ्याच दिवशी उत्तर दिले आणि नमुना स्वतःकडे तपासून घेतला. मग ठरलेल्या मालापैकी निम्मा माल घेतला, तोही मागितलेल्या दरापेक्षा थोड्या कमी दराने, आणि कारण म्हणून कुरकुमिनचाच उल्लेख केला. उरलेला माल हिंगणघाट आणि नागपूरच्या बाजारात गेला.

गटात यावर आजही दोन मते आहेत. एका बाजूचे म्हणणे असे, की इंग्रजी शिकून आपण आपलाच दर पाडला. दुसऱ्या बाजूचे म्हणणे असे, की तपासणीत ते निघालेच असते आणि मग पुढच्या वर्षीचा दरवाजा बंद झाला असता. खरेदीदाराने पुढील मोसमासाठी नमुना मागवला आहे. त्यावरून दुसरी बाजू बरोबर ठरते असे मी म्हणणार नाही, कारण नमुना मागवणे म्हणजे खरेदी नव्हे.

भाषेच्या बाजूने पाहता लेखनातील सुधारणा स्पष्ट दिसते आणि बोलण्यातील अपुरी आहे. मार्चमध्ये खरेदीदाराचा अचानक फोन आला तेव्हा सचिवांनी ‘लोअर इन मॉइश्चर’ अचूक म्हटले, आणि त्याने दराविषयी घासाघीस सुरू करताच दोन मिनिटांत “सर, अवर क्वालिटी इज मोअर बेटर” परत आले.

वेगळे काय करता आले असते

तक्त्यात घालवलेल्या तीन संध्याकाळी हा माझा सरळ दोष आहे. वाट्या पहिल्याच दिवशी मांडायला हव्या होत्या आणि विशेषणांची निवड, म्हणजे बारीक, भारी, हलके, स्वस्त यांचा उलगडा, रूपांच्या आधी व्हायला हवा होता.

फोनचा सराव जवळजवळ झालाच नाही. एकीने खरेदीदार व्हायचे, पाठमोरे बसायचे आणि प्रत्येक वाक्यावर “कम्पेअर्ड विथ व्हॉट?” एवढेच विचारायचे, असा खेळ मी शेवटच्या आठवड्यात सुरू केला. तो दुसऱ्या आठवड्यातच सुरू झाला असता तर ‘मोअर बेटर’ची सवय दबावाखालीही सुटली असती, असे खात्रीने नाही, पण शक्य वाटते.

गळालेल्या पाच जणी त्याच, ज्यांनी वाट्यांच्या दिवशी सर्वांत नेमकी मराठी विशेषणे दिली होती. त्यानंतर मी छापील कागद वाटू लागलो आणि त्या येईनाशा झाल्या. त्यांना इंग्रजी लिहिता येणार नव्हते, पण माल पारखून ‘ही यापेक्षा भरड’ हे ठरवण्याचे काम त्यांच्याकडे आणि वाक्य करण्याचे काम बाकीच्यांकडे, अशी जोडीने मांडणी करता आली असती. ते मला वर्ग संपल्यावर सुचले.

पत्राच्या वादात गप्प राहिलो, याविषयी मी अजून साशंक आहे. कुरकुमिनचे वाक्य गाळू नका, पण त्याआधी पूर्ण फरक किती लहान आहे हे आकड्यांत लिहा, एवढे सांगण्यात काही गैर नव्हते. ‘स्लाइटली’ या शब्दाचे वजन वाचणारा आपल्या सोयीने ठरवतो, ५.४ आणि ५.१ या आकड्यांचे तसे नाही.

पुढची तुकडी भिवापूरकडच्या मिरची दळणाऱ्या एका गटाची आहे. तिथे पहिलीच अडचण ‘तिखट’ची येणार. ‘हॉटर’ म्हटले तर तापमानाचा भास होतो, ‘स्पायसिअर’ म्हटले तर मसाल्याचा, आणि ‘मोअर पंजंट’ हा शब्द बायकांच्या तोंडी बसेल का याची शंका आहे. वाट्या मात्र या वेळी चार ठेवणार आहे, आणि शेजारी पाण्याचा तांब्या.